खेळ पाहताना घडणारा धैर्याचा पाठ

प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात धैर्य या गुणाचे नाव वारंवार येते. भाषेच्या पुस्तकात शूरांच्या कथा असतात, इतिहासात गडकोटांचे व रणांगणांचे प्रसंग असतात, आणि मुले ते मोठ्या आवडीने ऐकतात. तथापि या कथांबरोबर एक गैरसमजही मुलांच्या मनात नकळत रुजतो. धैर्य ही मोठ्या माणसांची, जुन्या काळची, तलवारीची गोष्ट आहे. आपल्यासारख्या सामान्य मुलाशी तिचा काही संबंध नाही, असे त्यांस वाटू लागते. वर्गात उभे राहून उत्तर देताना ज्याचे पाय थरथरतात, त्या मुलाला तानाजीची कथा तोंडपाठ असते. परंतु ती कथा त्याच्या पायांपर्यंत पोहोचत नाही.

हे अंतर कसे तोडावे, हा शिक्षकापुढील खरा प्रश्न आहे. त्याचे एक साधे उत्तर शाळेच्या पटांगणावरच सापडते. मुले खेळ खेळतात, त्याहून अधिक वेळ ती खेळ पाहतात. आपली पाळी येईपर्यंत ती रेषेबाहेर बसून असतात. जत्रेतील कुस्त्या झाडावर चढून पाहतात. घरी दूरदर्शन संचावर अथवा भ्रमणध्वनीवर क्रिकेटचा सामना लागला की जेवण विसरतात. इतके पाहूनही त्यांच्या ध्यानात बहुधा एकच गोष्ट राहते : कोण जिंकले. पाहण्याची दृष्टी दिली, तर याच खेळांत धैर्य डोळ्यांदेखत घडताना त्यांस दिसू शकेल. ही दृष्टी कशी द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यातील उदाहरणे होता होईल तो आपल्या धाराशिव जिल्ह्यातील, शेजारच्या बीड जिल्ह्यातील व महाराष्ट्रातील घेतली आहेत. कारण ओळखीच्या मातीतले उदाहरण मुलाला लवकर आपलेसे वाटते.

खो-खोच्या रेषेतील तीन जागा

आरंभ खो-खोपासून करावा. या खेळास साहित्य लागत नाही, दोन खांब व फक्कीच्या रेषा एवढ्यावर काम भागते, आणि लोहारा तालुक्यातील कोणत्याही शाळेत तो खेळता येतो. शिवाय धाराशिव जिल्ह्याने या खेळात देशपातळीवर नाव मिळविले आहे. पुणे येथील डेक्कन जिमखान्याच्या समितीने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून त्यात पुष्कळ बदल झाले. परंतु त्याचा गाभा तोच राहिला आहे. आठ गडी एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा गडी पाठलाग करतो. प्रतिपक्षाचे तीन गडी एका वेळी मैदानात उतरतात व बाद होईपर्यंत पळतात.

मुलांना या खेळातील तीन जागा दाखवाव्यात. पहिली जागा पळणाऱ्याची. तो एकटा असतो आणि त्याच्याविरुद्ध नऊजण असतात. त्याच्या हाती बळ नाही, केवळ नजर व पाय आहेत. पाठलाग करणारा अगदी हातभर अंतरावर आला असता जो गडी घाबरून सैरावैरा पळतो, तो लवकर बाद होतो. जो भीती वाटत असूनही डोळे उघडे ठेवतो, रांगेतील कोण उठणार हे ताडतो, हूल देऊन अंग चोरतो, तो टिकतो. धैर्यवान मनुष्यास भीती वाटत नाही, ही समजूत किती चुकीची आहे हे येथे प्रत्यक्ष दिसते. छाती दोघांचीही धडधडते; फरक आहे तो धडधडत्या छातीनिशी नीट पाहण्याचा.

दुसरी जागा पाठलाग करणाऱ्याची. नियमाने त्याला मागे फिरता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती पाळावी लागते, आणि रांगेच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारा मात्र कोठूनही जाऊ शकतो. म्हणून जो गडी सर्व श्रेय स्वतःच घेऊ पाहतो, तो दमतो आणि संघाचा वेळ घालवितो. योग्य क्षणी ‘खो’ देऊन बसणे, हातातोंडाशी आलेला गडी दुसऱ्याच्या हवाली करणे, यालाही मन मोठे व घट्ट असावे लागते. मुलांच्या दृष्टीला हे धैर्य सहसा पडत नाही. शिक्षकाने ते बोट ठेवून दाखवावे.

तिसरी जागा रांगेत बसलेल्याची. ‘खो’ मिळाल्यावाचून त्याला उठता येत नाही. पळणारा त्याच्या नाकासमोरून निसटतो, तरी तो जागचा हलू शकत नाही. पाय दुमडून, बोटे जमिनीला टेकून, सर्व शरीर सज्ज ठेवून तो वाट पाहतो. कदाचित त्या संपूर्ण डावात त्याला दोनदाच उठावयास मिळेल. तरी त्याचे लक्ष क्षणभर ढळले, तर संघाचा गडी हुकतो. आयुष्यात अशी जागा वाट्याला येणारी माणसे फार असतात. पावसाची वाट पाहणारा शेतकरी, आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई, परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारा विद्यार्थी या साऱ्यांना सज्ज राहून थांबण्याचे हेच धैर्य लागते. वर्गातील अबोल मुलाला ही तिसरी जागा समजावून सांगितली, तर धैर्य हा शब्द प्रथमच त्याच्या ओळखीचा होईल.

सारिका काळे यांचे उदाहरण

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील खेळाडू सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार बावीस वर्षांनंतर आला होता. मुलांना हे अवश्य सांगावे. पण येथे थांबू नये, कारण पुरस्कार ही धैर्याची कथा नव्हे, तिचा शेवट आहे.

पुरस्कार जाहीर झाल्यानंतर त्यांनी वृत्तपत्रांजवळ आपल्या पूर्वायुष्याविषयी जे सांगितले, ते अधिक मोलाचे आहे. घरची स्थिती अशी होती की, जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ जेवण मिळे. २०१६ सालीच घरच्या आर्थिक अडचणींमुळे त्या इतक्या खचल्या की, खेळ सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला व त्यांनी स्वतःस एका खोलीत कोंडून घेतले. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, तेव्हा त्या पुन्हा मैदानावर आल्या. पुढे त्यांनी तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम केले.

या कथेतील कोणता क्षण मुलांसमोर ठेवावा? पदक गळ्यात पडले तो क्षण सर्वांनाच दिसतो. खोलीचे दार उघडून ज्या दिवशी त्या बाहेर आल्या, त्या दिवशी टाळ्या वाजविणारा कोणी नव्हता. शिक्षकाने मुलांना विचारावे, ‘या दोन दिवसांपैकी अधिक धैर्य कोणत्या दिवशी लागले असेल?’ मुले आपापली उत्तरे देतील. घाईने निवाडा करू नये. चर्चेतच त्यांना उमगेल की, धैर्याचा पुष्कळसा भाग लोकांच्या नजरेआड घडतो, आणि त्या वेळी एका जाणत्या माणसाचा आधार मिळाला तर खचलेले मन पुन्हा उभे राहते. हा दुसरा भाग मुलांपेक्षा आपण शिक्षकांनी अधिक ध्यानात घ्यावयाचा आहे.

या मैदानी खेळाला आता जागतिक स्पर्धेचाही मान मिळाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळचा ७८–४० असा व पुरुषांनी नेपाळचाच ५४–३६ असा पराभव केला. महिला संघाची धुरा महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांच्याकडे, तर पुरुष संघाची प्रतीक वाईकर यांच्याकडे होती. आपल्या शाळेच्या अंगणात जो खेळ मुले खेळतात, त्याच खेळाने त्यांना देशाबाहेरील संघांसमोर उभे केले आहे, ही गोष्ट मुलांच्या आत्मविश्वासाला पोषक ठरेल.

कुस्तीचा हौदा आणि हरलेला मल्ल

गावच्या जत्रेत कुस्त्या होतात. हलगी कडाडू लागली की लहान मुले हौद्याभोवती दाटी करतात. प्रथम रेवड्यांवर बालमल्लांच्या कुस्त्या लागतात, मग नारळाच्या, मग मोठ्या इनामाच्या. जो जिंकतो त्याला लोक खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. हे सर्व मुले पाहतात. त्यांना पाहावयास सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच मल्लाकडे. जो चितपट झाला, ज्याच्या पाठीला माती लागली, तो काय करतो? तो उठतो, प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेतो, हौद्यातील माती कपाळाला लावतो आणि गर्दीतून वाट काढीत निघून जातो. दुसऱ्या गावच्या जत्रेत तो पुन्हा लंगोट कसून उभा राहतो. सर्वांसमक्ष पाठीला लागलेली माती घेऊन मान ताठ ठेवणे ही लहान गोष्ट नाही.

गावातील मुलाला हार म्हणजे अपमान वाटतो. शुद्धलेखनात चुका झाल्या, गणित चुकले, वक्तृत्वात मध्येच शब्द विसरला, की तो दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. गळतीची कारणे शोधताना दारिद्र्य, स्थलांतर, घरकाम यांचा विचार आपण करतो व तो योग्यच आहे. परंतु पराभवाची लाज हेही एक कारण असते, आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही. हरलेला मल्ल पुन्हा हौद्यात कसा उतरतो, हे ज्या मुलाने डोळे उघडून पाहिले आहे, त्याला फळ्यासमोर पुन्हा उभे राहणे थोडे सोपे जाईल.

अडथळ्यांची शर्यत

आपल्या मराठवाड्यातील दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे. शेतकरी कुटुंबातील हा मुलगा; शाळा सुमारे ६ किलोमीटर दूर; वाहनाची सोय नाही, म्हणून चालत किंवा धावत जावयाचे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचिनची थंडी व राजस्थानचे ऊन त्यांनी सोसले. पुढे ते ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे, वळले. या शर्यतीत पुरुषांना सुमारे ९१ सेंटिमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा व पाण्याचा खड्डा ७ वेळा ओलांडावा लागतो. अडथळ्याची फळी जाड व भक्कम असते. पाय लागला तर ती पडत नाही, धावणारा पडतो.

२०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अन्य धावपटूंच्या पडण्यामुळे साबळे यांची वाट अडली व मोलाचा वेळ गेला. अशा वेळी शर्यत मनातल्या मनात सोडून देणे फार सोपे असते. ते धावत राहिले आणि त्या अडलेल्या शर्यतीतही त्यांनी स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. भारताने केलेली तक्रार मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. तेथे ते तेरावे आले, पण विक्रम आणखी सुधारला. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळेसह त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांना सुवर्ण मिळाले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले व तेथे अकरावे आले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मोनाको येथील शर्यतीत ते पाण्याच्या अडथळ्यापाशी पडले आणि गुडघ्याला गंभीर दुखापत झाली.

ही शेवटची घटना मुलांपासून लपवू नये. तेरावा, दुसरा, पहिला, अकरावा, आणि मग पडणे, असा हा क्रम आहे. कथापुस्तकातील धैर्याला शेवटी नेहमी बक्षीस मिळते. जगातील धैर्याला तसे मिळेलच असे नाही. जे मूल केवळ बक्षिसासाठी धीर धरावयास शिकते, ते बक्षीस हुकताच धीर सोडते. म्हणून अकराव्या क्रमांकाची शर्यतही मुलांना तितक्याच आदराने सांगावी.

भीती बोलून दाखविण्याचे धैर्य

आपल्या मुलांचे क्रिकेटवर प्रेम आहे. तेव्हा क्रिकेटमधील एक अलीकडचा प्रसंग या पाठात घ्यावा. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे महिलांच्या विश्वचषक स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज यांनी नाबाद १२७ धावा करून भारताला पाच गडी राखून विजय मिळवून दिला. २ नोव्हेंबर रोजी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने प्रथमच हा चषक जिंकला.

उपांत्य सामन्यानंतर जेमिमा यांनी जे सांगितले, ते त्यांच्या धावांइतकेच महत्त्वाचे होते. याच स्पर्धेत त्यांना एका सामन्यातून वगळण्यात आले होते. त्या दिवसांत मन चिंतेने व्यापले होते, आईला दूरध्वनी करून आपण रडत असू, असे त्यांनी सर्वांसमक्ष मोकळेपणाने सांगितले. अशा स्थितीत असलेल्या दुसऱ्या कोणाला या बोलण्याचा उपयोग व्हावा, हा हेतूही त्यांनी बोलून दाखविला.

आपल्याकडे ‘मुलगा असून रडतोस काय?’ असे म्हणण्याची रीत आहे. या एका वाक्याने कितीतरी मुलांची तोंडे कायमची बंद होतात. कोणी मारते, कोणी छळते, घरी काही विपरीत घडते. पण ‘मला भीती वाटते’ हे म्हणण्याची त्यांना लाज वाटते. ज्या मुलाला भीती बोलून दाखविता येते, त्याला मदत करता येते. यास्तव ‘मला भीती वाटते, गुरुजी’ असे जो सांगेल, त्याचे प्रथम कौतुक करावे, मग उपाय पाहावा.

पाहणाऱ्याचे धैर्य

येथवर खेळणाऱ्यांचा विचार झाला. परंतु रेषेबाहेर बसलेल्या मुलालाही धैर्याची परीक्षा द्यावी लागते, आणि ही परीक्षा रोजची असते. समजा, आंतरशालेय सामन्यात शेजारच्या गावच्या मुलीने सूर मारून आपला गडी सुरेख बाद केला. आपल्या बाजूची सर्व मुले हुर्यो करीत आहेत. त्या वेळी एकट्याने टाळी वाजविणे अवघड असते. पंचांचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला. तो योग्य आहे हे आपण स्वतः पाहिले आहे. सारे ओरडत असताना ‘नाही, तो बादच होता’ असे म्हणणे त्याहूनही अवघड असते. आपल्याच संघातील एखादा लठ्ठ अथवा अडखळणारा मुलगा पळताना पडला आणि सगळे हसू लागले. न हसणे हे तेथे धैर्य आहे, आणि पुढे होऊन त्याला हात देणे हे त्याहून मोठे धैर्य आहे.

लोकांच्या लोंढ्याविरुद्ध उभे राहण्याची सवय लहानपणी अशा साध्या प्रसंगांतून लागते. पुढे हाच मुलगा गावात कोणावर अन्याय होत असता गप्प बसणार नाही, अशी आशा आपण धरू शकतो.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सहावी-सातवीपर्यंत ज्या मुली उत्तम खेळतात, त्यांपैकी पुष्कळ मुली पुढे मैदानावर दिसेनाशा होतात. कोणी घरकामाला जुंपली जाते, कोणाला ‘आता मोठी झालीस’ म्हणून थांबविले जाते. अशा वेळी पालकांच्या घरी जाऊन बोलणे शिक्षकाला संकोचाचे वाटते. तथापि सारिका काळे यांचे नाव याच जिल्ह्याचे आहे, आणि ते नाव पालकांपुढे घेता येते.

धैर्य आणि आडदांडपणा

हा पाठ देताना एक सावधगिरी बाळगावी. मुले धैर्य व आडदांडपणा यांत घोळ घालतात. पोहता येत नसता विहिरीत उडी घेणे, पैजेवर धावत्या वाहनाला लोंबकळणे, मुरगळलेला पाय लपवून खेळत राहणे, यांपैकी एकही गोष्ट धैर्याची नाही. धैर्याला विचाराची जोड असते. कुशल खेळाडू खांबावर सूर मारतो, त्यापूर्वी त्याने मऊ मातीवर तो शेकडो वेळा मारलेला असतो. दुखापत झाल्याचे पंचांस सांगून बाहेर येणारा खेळाडू भ्याड नसतो. दुखापत लपविणाऱ्या मुलाची वाहवा शिक्षकाने कधीही करू नये.

दुसरी गोष्ट अशी की, खेळातील धैर्य आणि खऱ्या संकटातील धैर्य यांची बरोबरी करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपाने किल्लारीसह आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर व आसपासच्या गावांचा घास घेतला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. जी वाचली, त्यांनी हातांनी दगड उपसले, आपली माणसे शोधली, पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढले आणि पुन्हा पेरणी केली. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे आजी-आजोबा त्यांपैकी आहेत. त्यांच्यापुढे खेळाच्या गोष्टी सांगताना आपण नम्र असले पाहिजे. खेळात डाव संपला की सर्वजण घरी जातात. संकटात तसे नसते. तरीही पडल्यावर उठणे, दुसऱ्याला हात देणे, आपली पाळी येईपर्यंत सज्ज राहणे, या सवयींचा सराव खेळात होतो, आणि सराव असलेली सवय कठीण वेळी आपोआप पुढे येते. ज्या मुलांच्या घरी इच्छा असेल, त्यांनी आजी-आजोबांकडून त्या दिवसांची हकीकत ऐकून यावी. सक्ती मात्र करू नये. काही दुःखे न बोललेलीच बरी असतात.

पाठाची मांडणी

हा पाठ दोन तासांत घ्यावा. पहिला तास मैदानावर, दुसरा वर्गात. लहान पटाच्या शाळेत नऊ-नऊ गड्यांचे संघ होत नसतील, तर रांगेत चार-पाच मुले बसवूनही खो-खोचा डाव घेता येतो.

पाहण्यापूर्वी : अर्ध्या मुलांनी खेळावे व अर्ध्यांनी पाहावे, नंतर अदलाबदल करावी. पाहणाऱ्या प्रत्येक मुलास एकच खेळाडू नेमून द्यावा. ‘कोण जिंकते ते पाहू नका, तुमचा खेळाडू काय करतो ते पाहा’ एवढीच सूचना द्यावी.

पाहताना : शिक्षकाने मध्ये बोलू नये. मुलांनी पुढील तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. आपला खेळाडू बाद झाल्यावर लगेच त्याने काय केले? त्याच्याकडून चूक झाली तेव्हा त्याने कोणाकडे पाहिले? दुसरा चुकला तेव्हा तो काय बोलला?

पाहिल्यानंतर : वर्गात गोल बसून प्रत्येकाने आपण पाहिलेला एक प्रसंग सांगावा. नाव घेऊन निंदा करू नये. कोणाचे काय आवडले, एवढेच सांगावे. मग शिक्षकाने या लेखातील एक उदाहरण सांगावे. एका वेळी एकच. सर्व उदाहरणे एका दमात सांगितल्यास त्यांचे उपदेशपर व्याख्यान होते आणि मुले कंटाळतात. अखेरीस वरच्या वर्गातील मुलांनी पाच-सहा ओळी लिहाव्यात : ‘या आठवड्यात मला कशाची भीती वाटली आणि मी काय केले?’ ही वही शिक्षकाने एकट्याने वाचावी. तीत शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत व गुण देऊ नयेत. एखाद्या मुलाने काही गंभीर गोष्ट लिहिली असेल, तर त्याला एकांतात विचारावे व मुख्याध्यापकांशी बोलून पुढील व्यवस्था करावी.

मूल्यमापन : या पाठाची परीक्षा घेता येत नाही. महिनाभराने काही खुणा दिसतात. फळ्याकडे बोलाविताच मागे सरणारा मुलगा अडखळत का होईना पुढे येतो. हरलेल्या संघाची मुले जिंकलेल्यांशी हात मिळवितात. पडलेल्याला पाहून हसणारे तोंड आवरते. अशी एक खूण दिसली, तरी श्रम सार्थकी लागले असे समजावे.

शिक्षकाचा वाटा

खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक होय. कराडजवळील गोळेश्वर गावच्या या मल्लाकडे परदेशी जाण्यापुरते पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक येईल याची कोणतीच हमी त्या दिवशी नव्हती. हौद्यातील धैर्य खाशाबांचे होते, पण त्याआधी एका शिक्षकाने धैर्य दाखविले होते.

आपल्या लोहारा तालुक्यालाही अशी परंपरा आहे. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी निजामी राजवटीत शिक्षक म्हणून काम केले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. तेही याच भागातील खेड्यांतल्या मुलांना शिकवीत होते.

आपणांकडून कोणी घर गहाण ठेवण्याची अथवा लढा उभारण्याची अपेक्षा करीत नाही. आपल्या वाट्याचे धैर्य त्यामानाने लहान आहे. भित्र्या मुलाला दरवेळी वगळून हुशार मुलालाच पुढे करण्याचा मोह टाळणे, मुलीचा खेळ चालू राहावा म्हणून तिच्या वडिलांशी दोन शब्द बोलणे, रडणाऱ्या मुलाला सर्वांदेखत जवळ घेणे, एवढे आपण करू शकतो. मैदानाच्या कडेला, खांबामागे, एक मूल नेहमी उभे असते. ते खेळत नाही. ‘मला नको’ म्हणते. पुढच्या तासाला त्याला रांगेतील तिसरी जागा द्यावी आणि त्याला ‘खो’ मिळेल अशी व्यवस्था करावी.